कॉस्टिंगच्या पेपरात दरवर्षी त्याच चुका, निदान या तरी टाळा

परीक्षा आठ दिवसांवर आली की माझ्या फोनवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो, 'मॅडम, मॅनेजमेंट अकाउंटिंगचे फक्त फॉर्म्युले पाठवा ना, बाकी मी बघतो.' बाकी काय बघणारेस बाबा, जे बाकी राहतं तोच तर विषय आहे, खर्चाचे, म्हणजे कॉस्टिंगचे, आकडे बघून धंद्यातले निर्णय घेणं. बी.कॉम.च्या मुलांच्या ट्युशन घेऊन मला आता बरीच वर्षं झाली, मुलं बदलतात, चुका त्याच. म्हणून एकदाचं बसून लिहून टाकतेय, पुढच्या वेळी मेसेज आला की हेच पाठवणार.

पहिली चूक पेन उचलायच्या आधीचीच. मुलं फायनान्शियल अकाउंटिंगच्या सवयीने इथे येतात. तिथे कंपनी कायदा २०१३ चं शेड्यूल तीन असतं, कुठली रक्कम कुठल्या हेडखाली ते ठरलेलं, दोन्ही बाजू टॅली झाल्या की जीव भांड्यात पडतो. इथे टॅली व्हायला काही नसतंच. ऑर्डर घ्यायची की नाही, माल बाहेरून आणायचा की घरात करायचा, असले प्रश्न, आणि उत्तर साफ चुकलं तरी कागद दिसायला एकदम नीटनेटका. त्यामुळे चूक आपल्याला कळतच नाही, थेट मार्कशीटवर कळते.

आता माझी लाडकी चूक. फिक्स्ड कॉस्टला (माल कमी-जास्त केला तरी तेवढाच राहणारा खर्च) युनिट्सनी भागायचं आणि मग आलेला आकडा जणू प्रत्येक वस्तूला डिंकाने चिकटवलाय असं धरून पुढे जायचं. यावर मी वर्गात जरा जास्तच चिडते, कारण ही चूक मी स्वतः केलीये, आणि वहीत नाही, मावशीच्या धंद्यात केलीये.

मावशीचा चिंचवडला चिवड्याचा छोटा व्यवसाय होता, एक गाळा, कामाला दोन बायका. मी तेव्हा टी.वाय.ला, कॉस्टिंगमध्ये बरे मार्क, त्यामुळे डोक्यात हवा. पितृपक्ष चालू होता, धंदा मंद, त्या दोघी दुपारभर नुसत्या बसून असायच्या. तेवढ्यात एक कॅन्टीनवाला आला, २०० किलो चिवडा पाहिजे, भाव १८० रुपये किलो, वर एक पैसा नाही. मावशी एरवी २४० ने विकायची. ती म्हणाली, 'अगं, तू शिकतेयस ना हे सगळं, सांग बघू परवडतंय का.' मी वही काढली. पोहे, तेल, शेंगदाणे, डाळं, खोबरं, मसाला, गॅस, पिशवी मिळून किलोला १४०. गाळ्याचं भाडं, दोघींचा पगार आणि वरचं किरकोळ धरून महिन्याला ३०,०००, नेहमीचा माल ५०० किलो, म्हणजे किलोला ६०. एकूण २००. मी ऐटीत सांगितलं, मावशी, किलोमागे २० रुपये बुडतायत, २०० किलोला ४,००० चा खड्डा, नाही म्हणून सांग त्याला. तिने नाही म्हणून सांगितलं.

आता बघा. ते ३०,००० त्या महिन्यात जाणारच होते, चिवडा करा नाहीतर हातावर हात ठेवून बसा, भाडं आणि पगार थांबत नाहीत. ऑर्डर घेतली असती तर जादा खर्च फक्त किलोला १४०, येणार होते १८०, म्हणजे किलोमागे ४० सुटत होते, २०० किलोचे ८,०००. म्हणजे मंदीच्या दिवसांत मावशीचे आठ हजार मी माझ्या हुशारीने घालवले. आणि तो साठ रुपयांचा आकडा तरी कुठे पक्का होता, ७०० किलो केले असते तर तोच भागाकार साधारण ४३ वर आला असता. फिक्स्ड असते ती एकूण रक्कम, किलोमागची नाही. हे मला दिवाळीनंतर कळलं, मार्जिनल कॉस्टिंगचा धडा परत काढला, 'स्पेशल ऑर्डर'चं गणित वाचलं आणि पोटात गोळा आला. मावशीला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं गं, पण तू वही काढलीस ना.'

ही गोष्ट सांगितली की वर्गातली अर्धी मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात, कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे विक्रीच्या भावातून फक्त जादा खर्च वजा करून सुटणारी रक्कम, प्लसमध्ये आलं की ऑर्डर घ्यायचीच. थांबा ना जरा! तीच ऑर्डर दिवाळीच्या तोंडावर आली असती तर? गाळ्यात महिन्याला जास्तीत जास्त ७०० किलो निघतो आणि तेवढा सगळा नेहमीच्याच गिऱ्हाइकांना जातोय असं धरा. त्यातला २०० किलो कॅन्टीनला द्यायचा म्हणजे किलोला १०० (२४० वजा १४०) सुटणारं गिऱ्हाईक परत पाठवून ४० वालं घ्यायचं, २०,००० सोडून ८,००० धरायचे. गणितातली 'स्पेअर कपॅसिटी आहे' (म्हणजे जादा माल करायला गाळा आणि माणसं रिकामी आहेत) ही छोटीशी ओळ पोरं वाचतच नाहीत, आणि सगळं उत्तर तिच्यावर उभं असतं.

माझी सवय सांगते, कुठल्या पुस्तकातली नाही. गणित हातात आलं की आधी कॅल्क्युलेटर लांब ठेवायचा आणि प्रत्येक रकमेसमोर पेन्सिलने एक शब्द लिहायचा, 'बदलेल' किंवा 'नाही'. म्हणजे हा निर्णय घेतला तर ही रक्कम बदलणार आहे का. 'नाही' वाल्या रकमा निर्णयात धरायच्याच नाहीत. जुन्या मशीनला पाच वर्षांपूर्वी किती मोजले तेही 'नाही'तच, कितीही जीव तुटला तरी. याला दोन मिनिटं लागतात आणि घाई असलेल्यांना ती दोन मिनिटं फार जड जातात.

पी/व्ही (प्रॉफिट-व्हॉल्युम) रेशोबद्दल, म्हणजे विक्रीच्या किती टक्के कॉन्ट्रिब्युशन सुटतं त्याबद्दल, थोडक्यात. नावात प्रॉफिट आहे म्हणून प्रॉफिट भागिले सेल्स करू नका, वर कॉन्ट्रिब्युशन असतं. आणि राउंड ऑफची घाई नको. मावशीचंच घ्या, १०० भागिले २४०, म्हणजे ४१.६६६… टक्के. कोणी सरळ ४२ धरतं आणि ब्रेक-ईव्हन सेल्स, म्हणजे ना नफा ना तोटा होईल तेवढी विक्री, ३०,००० भागिले ४२ टक्के करून ७१,४२९ काढतं. खरं उत्तर ७२,०००, कारण ३०,००० भागिले १०० म्हणजे ३०० किलो आणि ३०० गुणिले २४०. अपूर्णांक तसाच ठेवा, पाच बारांश, काही बिघडत नाही. आणि ब्रेक-ईव्हन ४१२.३ युनिट आला तर ४१३ लिहा, ४१२ वर अजून तोटाच आहे.

दुसरं जुनं दुखणं म्हणजे व्हेरियन्स, ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांतला फरक. इथे फॉर्म्युला पाठ करणारे सगळ्यात जास्त पडतात, कारण एसपी, एपी, एसक्यू, एक्यू (ठरवलेला भाव, प्रत्यक्ष भाव, ठरवलेला वापर, प्रत्यक्ष वापर) या चार अक्षरांची परीक्षेत भेळ होते. मी वडापाव घेऊन शिकवते. १०० वड्यांना ५ किलो बटाटा, भाव ३० रुपये, हे स्टँडर्ड, म्हणजे आधी ठरवलेलं. प्रत्यक्षात केले २०० वडे, लागला १२ किलो, घेतला २८ ने. पहिला घात इथेच होतो, स्टँडर्डचे ५ किलो उचलून थेट १२ शी तुलना. अरे, वडे २०० केलेत ना, मग हिशोबाने लागायला हवे होते १० किलो. केलेल्या मालाला किती लागायला हवं होतं ते आधी काढायचं, मग पुढचं सगळं. आता भावातला फरक २ रुपये, १२ किलोवर, २४ फेवरेबल (आपल्या फायद्याचा). वापरातला फरक २ किलो, स्टँडर्ड भावाने, ६० अॅडव्हर्स (तोट्याचा). एकूण ३६ अॅडव्हर्स, आणि ३०० च्या जागी ३३६ गेले, जमतंय. हा ताळा दहा सेकंदांत होतो, तरी शंभरातले नव्वद जण करत नाहीत.

बरं, उत्तर आलं म्हणजे काम संपलं असंही नाही. शेवटी 'कमेंट करा' असं विचारलेलं असतं आणि पोरं लिहितात, 'प्राइस व्हेरियन्स फेवरेबल आहे म्हणून चांगला आहे.' स्वस्तातला बटाटा आणला, त्यातला काही सडका निघाला, काही सोलताना फेकला, म्हणून तर २ किलो जास्त लागला नसेल ना? खरेदीवाल्याची पाठ थोपटायची आणि वडे तळणाऱ्याला झापायचं, असं त्या कागदावरून वाटेल. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा, नुसती 'ए' आणि 'एफ' अक्षरं टाकून पळू नका. आणि उण्याचं चिन्ह लावून शेजारी अॅडव्हर्सही लिहू नका, एक काहीतरी लिहा.

बाकीच्या किरकोळ, पण मार्क मात्र किरकोळ जात नाहीत. कॉस्ट शीटमध्ये (माल करून विकायला किती खर्च आला त्याचा तक्ता) इन्कम टॅक्स, डिव्हिडंड, कर्जावरचं व्याज घालायचं नाही, गणितात ते मुद्दाम पेरलेलं असतं. 'प्रॉफिट २० टक्के ऑन सेल्स' म्हणजे कॉस्टवर २५ टक्के, २० नाही, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललेय देव जाणे. कॅश बजेटमध्ये डेप्रिसिएशन (घसारा, ज्यात हातातून रोख जातच नाही) आलं तर मी पुढचं तपासत नाही, सरळ वही परत. सोडवलेली गणितं दुप्पट स्पीडने व्हिडिओवर बघणं म्हणजे अभ्यास नाही, पोहायचं कसं ते काठावर बसून बघण्यासारखं आहे.

आणि हाय-लो मेथड, म्हणजे दोन टोकाचे महिने घेऊन खर्चातला फिक्स्ड भाग वेगळा काढायची पद्धत. यात हाय म्हणजे जास्त खर्चाचा महिना नाही, जास्त कामाचा महिना. मागच्या वर्षी मशीनच्या मेंटेनन्सचं गणित दिलं होतं. ८०० तासांना २२,०००, १,१०० तासांना ३१,०००, १,२०० तासांना ३०,०००. बरोबर जोडी ८०० आणि १,२०० ची, तासाला २० रुपये, फिक्स्ड ६,०००. एका पठ्ठ्याने ३१,००० हा मोठा आकडा दिसला म्हणून तोच उचलला. तासाला ३० आले, मग ८०० तासांचे २४,००० वजा केले आणि फिक्स्ड कॉस्ट आली उणे २,०००. खाली दोन रेघा मारून, चौकोन करून उत्तर दिलेलं. मी विचारलं, अरे, मशीन बंद ठेवलं तर मेंटेनन्सवाला तुलाच दोन हजार देऊन जाणार का? तर म्हणतो, 'मॅडम, मी दोनदा केलं, कॅल्क्युलेटरवर हेच येतंय.'