टर्मिनलमधला मजकूर भरभर वर निघून जातोय? तो थांबवायचा कसा, मागे कसा न्यायचा, जपून कसा ठेवायचा

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आज्ञा दिली की कधी दोन ओळी येतात, कधी पाच हजार. पाच हजार आल्या की नेमकी हवी ती ओळ वर निघून गेलेली असते आणि माणूस माउसचं चाक फिरवत बसतो. चाक फिरवून ती सापडेलच असं नाही. ग्नोम टर्मिनल हा नेहमीचा टर्मिनल प्रोग्रॅम मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १०,००० ओळीच धरून ठेवतो, एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारं टीमक्स २,०००. एखादं मोठं सॉफ्टवेअर कंपाइल करायला (मूळ कोडपासून बांधायला) घेतलं तर एवढ्या ओळी बघता बघता संपतात. म्हणून मजकूर येतानाच तो ताब्यात घ्यायची सवय लावायला हवी.

(खालच्या आज्ञा उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी लिपीत घ्या, आणि 'मोठा' असं म्हटलेलं नसेल तर अक्षरं लहान ठेवा.)

१. आधी थांबवायला शिका

मजकूर धावत असताना कंट्रोल-एस दाबा, पडदा जागच्या जागी थांबतो. कंट्रोल-क्यू दाबलं की पुन्हा सुरू. ही सोय टेलिटाइप यंत्रांच्या काळापासूनची आहे. तेव्हा कागदी पट्टी वाचणारं यंत्र याच दोन खुणांनी थांबवत आणि चालू करत. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात त्यांचे क्रमांक १९ आणि १७.

हे ठाऊक नसलेल्यांची फार पंचाईत होते. फाइल सेव्ह करायच्या सवयीने बोट कंट्रोल-एसवर जातं, टर्मिनल गोठल्यासारखं दिसतं, आणि सगळं अडकलं असं समजून लोक खिडकीच बंद करतात. चालू असलेलं कामही त्याबरोबर जातं. टर्मिनल गोठलेलं दिसलं की सगळ्यात आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. ही सोय नकोच असेल तर 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ घरच्या फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' फाइलमध्ये टाका. मग बॅशमध्ये (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कंट्रोल-एस आधी दिलेल्या आज्ञांच्या इतिहासात पुढच्या दिशेने शोधायला मोकळं होतं, कंट्रोल-आर मागच्या दिशेने शोधतं तसं.

२. पान उलटत वाचा

थांबवणं तात्पुरतं. नीट वाचायचं तर मजकूर 'लेस'कडे पाठवा. आज्ञेच्या शेवटी उभी रेघ देऊन 'लेस' लिहायचं, उदाहरणार्थ 'डीएमईएसजी | लेस' (पहिली आज्ञा लिनक्सच्या गाभ्याचे संदेश दाखवते). स्पेसबारने पुढचं पान, 'बी'ने मागचं, 'जी'ने सुरुवात, मोठ्या 'जी'ने शेवट, 'क्यू'ने बाहेर. तिरकी रेघ (/) देऊन शब्द लिहिला की शोध सुरू होतो, 'एन'ने पुढचा सापडतो.

यापलीकडच्या दोन कळा मला रोज लागतात. '-' आणि मागोमाग मोठा 'एस' दाबला की लांबलचक ओळी दुमडायच्या थांबतात आणि बाणांनी उजवीकडे सरकता येतं. लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) वाचताना डोळ्यांना केवढा आराम मिळतो! दुसरी कळ मोठा 'एफ': फाइलमध्ये नवी भर पडेल तशी ती खाली दिसत राहते. कंट्रोल-सी दाबा, मागे जाऊन वाचा, पुन्हा मोठा 'एफ'. त्यामुळे वाढती फाइल बघायला मी फाइलचा शेवट दाखवत राहणाऱ्या 'टेल -एफ'पेक्षा हेच वापरते.

एवढं करूनही काही ओळी 'लेस'ला न जुमानता पडद्यावर येतात. कारण प्रोग्रॅमचा मजकूर दोन वाटांनी येतो: निकाल एका वाटेने, चुका आणि इशारे दुसऱ्या वाटेने. उभी रेघ फक्त पहिलीच वाट वळवते. दोन्ही हव्या असतील, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर बांधणाऱ्या 'मेक' आज्ञेच्या, तर रेघेच्या आधी '२>&१' लिहा: 'मेक २>&१ | लेस'.

३. समोर कोण आहे, हे प्रोग्रॅम ओळखतो

बाकीची बरीच कोडी या एका गोष्टीने सुटतात. नुसतं 'एलएस' चालवा, फोल्डरमधल्या फाइलींची नावं रकान्यांत येतात, बहुतेक ठिकाणी रंगीतही. आता 'एलएस | कॅट' चालवा ('कॅट' मिळालेला मजकूर जसाच्या तसा दाखवतं). एका ओळीत एकच नाव, रंग गायब. पुढे पडदा आहे की दुसरा प्रोग्रॅम, हे 'एलएस' आधी तपासतं आणि त्याप्रमाणे वागतं.

'लेस'मध्येही रंग हवेत? मग दोन्हीकडे सांगावं लागतं: 'एलएस --कलर=ऑलवेज | लेस -आर', इथला 'आर' मोठा. 'गिट' (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) आणि 'जर्नलसीटीएल' (सिस्टिमचे लॉग दाखवणारा) यांचं उलट आहे. समोर पडदा दिसला की ते स्वतःच 'लेस' उघडतात. तसं नको असेल तेव्हा 'जर्नलसीटीएल --नो-पेजर' किंवा 'गिट --नो-पेजर लॉग'.

सगळ्यात जास्त छळतो तो मजकूर अडून राहण्याचा प्रकार. 'टेल -एफ'चा मजकूर 'ग्रेप'कडे (जी-आर-ई-पी, हवा तो शब्द असलेल्याच ओळी निवडणारी आज्ञा) दिला तर ओळी लगेच दिसतात. त्यापुढे आणखी एक रेघ देऊन ओळीचा हवा तेवढाच भाग कापून देणारं 'कट' जोडलं की पडदा कोरा! लॉगमध्ये ओळी येत असतात, पण 'ग्रेप'च्या पुढे आता पडदा नाही, म्हणून ते ओळी साठवत राहतं आणि पुरेसा साठा झाल्यावर एकदम पुढे ढकलतं. हा साठा बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. तुरळक ओळी येणाऱ्या लॉगमध्ये तो भरायला तासही लागू शकतो. उपाय: 'ग्रेप --लाइन-बफर्ड'. पायथनसाठी 'पायथन३ -यू'. सी भाषेतल्या बऱ्याच साध्या प्रोग्रॅमच्या आधी 'एसटीडीबफ -ओएल' लावलं तरी चालतं. तिथला 'एल' मोठा.

४. बघताबघता जपून ठेवा

'मेक २>&१ | टी बांधणी.लॉग' असं दिलं ('टी' म्हणजे टी-ई-ई) की मजकूर पडद्यावरही दिसतो आणि फाइलमध्येही जातो. जुन्या फाइलच्या शेवटी जोडायचा असेल तर 'टी -ए'. तासभर चालणारं काम 'टी'शिवाय सुरूच करू नये असं माझं ठाम मत आहे.

५. मराठी मजकूर कोनी कंसांत फुटला तर

मराठी फाइल 'लेस'मध्ये उघडली आणि अक्षरांऐवजी कोनी कंसांत 'ई०', 'ए४' अशा जोड्यांच्या रांगा दिसल्या, तर फाइल खराब झालेली नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट 'ई०' असतो. 'लेस'ला ही पद्धत कळलेली नाही, म्हणून ते सुटे बाइट दाखवतं. 'लोकॅल' (एल-ओ-सी-ए-एल-ई) ही भाषा आणि अक्षरपद्धतीची सेटिंग दाखवणारी आज्ञा देऊन बघा. उत्तरात यूटीएफ-८ ऐवजी 'सी' किंवा 'पॉझिक्स' दिसत असेल तर दोष तिथे आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे बदलता येत नसेल तर निदान 'एक्स्पोर्ट लेसचारसेट=यूटीएफ-८' द्या, डावीकडचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत. जोडाक्षरं तरीही विस्कटलेली दिसली तर तो दोष 'लेस'चा नाही, अक्षरं चौकटींत बसवणाऱ्या टर्मिनलचा असतो. दुसरं टर्मिनल वापरून बघा.

६. पडदाच बिघडला तर

चित्राची किंवा झिप फाइल चुकून 'कॅट' केली की पुढचं सगळं विचित्र चिन्हांत उमटू लागतं. न घाबरता 'रीसेट' लिहून एंटर करा. लिहिलेलं दिसत नसलं तरी आज्ञा पोचते. एंटरलाही दाद मिळत नसेल तर कंट्रोल-जे, मग 'रीसेट', मग पुन्हा कंट्रोल-जे.