फर्स्ट इयरच्या ॲनाटॉमीसाठी पुस्तकाबाहेरचं मटेरियल कसं शोधायचं

एमबीबीएसला ॲडमिशन झाली की टेलिग्रामवर पीडीएफचा पाऊस सुरू होतो, आणि त्या कुणीच उघडत नाही. म्हणून स्टेप पहिली, शोधाशोध नंतर, आधी आपलं घोडं कुठे अडतंय ते बघा. चौरसिया (ॲनाटॉमीचं नेहमीचं पाठ्यपुस्तक) वाचून कळतंय पण डिसेक्शनच्या टेबलाशी उभं राहिल्यावर नर्व्ह कुठली न् आर्टरी कुठली ते ओळखू येत नाही, हा एक प्रॉब्लेम, आणि सगळं येतं पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंड उघडत नाही हा वेगळा. दोन्हीला उपाय एकच नाही.

स्टेप दोन, बोनसेट, म्हणजे अभ्यासाचा हाडांचा संच. नवा घ्यायच्या आधी सिनियरला विचारा, सेकंड इयरला गेलेल्यांकडे तो पलंगाखाली पडूनच असतो. घेताना कवटी उलटी करून टेरिगॉइड प्लेट्स (कवटीच्या तळाची पातळ हाडं) शाबूत आहेत ना ते बघून घ्या, पटकन तुटतात. मग खराट्याची बारीक काडी घ्या आणि कवटीच्या आतून, मिडल क्रेनियल फॉसातून (फॉसा म्हणजे खळगा), फोरामेन रोटंडम या भोकात हळूच सरकवा, ती पुढे टेरिगोपॅलटाइन फॉसात निघते, म्हणजे हाच मॅक्झिलरी नर्व्हचा रस्ता. तीच काडी फोरामेन ओव्हेलमधून घातली की खाली इन्फ्राटेम्पोरल फॉसात, तो मँडिब्युलरचा. दहावेळा वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका झटक्यात बसतं, माझं तरी बसलं.

तिसरं, डिसेक्शन. डी-हॉलमध्ये (डिसेक्शन हॉलमध्ये) मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, कुणीतरी देहदान केलंय, एवढा मान ठेवायचाच. पण घरी उजळणीला खरे फोटो लागतातच, कारण ॲटलासमध्ये आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी आणि कॅडॅव्हरवर, म्हणजे खऱ्या मृतदेहावर, सगळंच मळकट तपकिरी. यासाठी मिशिगन युनिव्हर्सिटीचं ब्लूलिंक बघा, फुकट आहे. लेबलवर हात ठेवून आधी स्वतः नाव सांगायचं, मग हात काढायचा. नोट्समध्ये चिकटवायला आकृत्या हव्या असतील तर ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या जुन्या पुस्तकाच्या 1918 च्या आवृत्तीतल्या विकिमीडिया कॉमन्सवर आहेत, कॉपीराइट संपलेला, फक्त नावं जुनी आहेत, ब्रेकिओसेफॅलिक ट्रंकला तिथे इनॉमिनेट आर्टरी म्हटलंय, पेपरात तसं लिहू नका.

एम्ब्रियोला (गर्भाच्या वाढीच्या भागाला) मात्र व्हिडिओच. मिडगट, म्हणजे गर्भाच्या आतड्याचा मधला भाग, सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने 270 अंश फिरतं हे स्थिर चित्रातून कळणं अवघड, ॲनिमेशन एकदा बघा आणि मग जाड दोरी घेऊन स्वतः फिरवून बघा, आधी 90, नंतर पोटात परत येताना 180.

एक्सरे-सीटीसाठी रेडिओपीडिया ही वेबसाइट, तेही फुकट. हिस्टोला (हिस्टॉलॉजी, मायक्रोस्कोपखालचा भाग) तुमच्या डिपार्टमेंटच्याच स्लाइड्स बघा, स्पॉटिंगला, म्हणजे बघून ओळखायच्या परीक्षेत, शेवटी त्याच येतात.

थ्रीडी ॲपचे पैसे भरायच्या आधी कॉलेजच्या लायब्ररीत चौकशी करा, कधी कधी सबस्क्रिप्शन आधीच असतं आणि कुणाला पत्ताच नसतो. नसेल तर फ्री ट्रायल घ्या, पण ती ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) किंवा हेड-नेक चालू असताना, सुट्टीत घेऊन वाया घालवू नका.

आणि हे सगळं जमवताना 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमाची कॉम्पिटन्सी लिस्ट (काय काय यायलाच हवं त्याची यादी) शेजारी ठेवा, ज्यासमोर कोअर म्हणून वाय (Y, म्हणजे हो) लिहिलंय ते आधी. मग एमयूएचएसचे (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे) जुने पेपर काढून तेच टॉपिक पार्टनरला पुस्तक मिटून मोठ्याने सांगायचे, जिथे अडखळाल तेवढ्याच भागाचं मटेरियल शोधायचं, बाकीच्या पीडीएफ सरळ डिलीट.