गोल्डनआय 007 : तिरकं धावा, नजर जमिनीकडे ठेवा

निन्टेंडो 64 या कन्सोलवरच्या, 1997 च्या गोल्डनआय या जेम्स बाँडच्या व्हिडिओ गेममध्ये फॅसिलिटी ही पातळी सगळ्यात कठीण, म्हणजे 00 एजंट स्तरावर 2 मिनिटं 5 सेकंदांत संपवली की अजिंक्य होण्याची चीट, म्हणजे बाँडला इजाच न होण्याची सवलत, मिळते. बहुतेक जण नेम सुधारत बसतात. खरा वेळ जातो तो धावण्यात.

मूळ कंट्रोल्स ठेवा. स्टिक पुढे ढकलतानाच उजवं किंवा डावं पिवळं सी बटण दाबून धरा. पुढची आणि बाजूची गती एकत्र येते आणि बाँड नुसत्या सरळ धावण्यापेक्षा स्पष्टपणे वेगात जातो. तोंड मात्र वाटेपासून थोडं तिरकं ठेवावं लागतं, नाहीतर खांदा भिंतीला घासत राहतो. लांब कॉरिडॉरमध्ये दहा-बारा वेळा सराव केलात की बोटांना सवय होते.

दुसरं, मोकळ्या जागेत नजर जमिनीकडे झुकवा. पडद्यावर कमी गोष्टी काढाव्या लागतात, त्यामुळे खेळ अडखळत नाही.

आणि हो, या पातळीत ज्याला गाठावंच लागतं तो शास्त्रज्ञ, डॉक्टर डोक, दरवेळी वेगळ्या जागी उभा असतो. तो लांब सापडला तर जीव न आटवता सरळ पुन्हा सुरू करा.