ग्रामर लिहायला बसण्याआधी ऑपरेटरांची उतरंड

स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा बनवताना पार्सर जनरेटर (ग्रामर, म्हणजे भाषेचे लेखननियम, दिले की कोडची रचना ओळखणारा पार्सर तयार करून देणारं हत्यार) उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि त्या भाषेतले सगळे ऑपरेटर (+, - अशी क्रियाचिन्हं) त्यावर उतरंडीसारखे मांडा. ज्याचा मान आधी तो वर. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) इथे जपून. ते शब्दशः पाळलं तर १० - ४ + ३ मध्ये बेरीज आधी होते आणि उत्तर ३ येतं. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर असतात, गुणाकार-भागाकारही तसेच, आणि पायरी एक असली की डावीकडून उजवीकडे जायचं.

म्हणून प्रत्येक पायरीपुढे दिशाही लिहा. घात उजवीकडून: पायथनमध्ये २ ** ३ ** २ (** म्हणजे घात) म्हणजे ५१२, ६४ नव्हे. तुलनेला मात्र दिशा न दिलेलीच बरी. सी भाषेत ३ > २ > १ चक्क खोटं ठरतं, कारण ३ > २ चा आधी १ होतो (तिथे खरं म्हणजे १), आणि १ > १ कसं खरं असेल?

उणे चिन्ह दोन जागी नांदतं, वजाबाकीत आणि ऋण संख्येपुढे, तेव्हा त्याच्या दोन नोंदी करा. उणे दोनचा वर्ग पायथनमध्ये -२ ** २ असा लिहिला तर -४, एक्सेलमध्ये -२^२ लिहिला तर ४. जावास्क्रिप्ट सरळ सिंटॅक्स एरर देऊन कंस घालायला लावते. मला हा खडूसपणाच आवडतो.

सीचा एक जुना वारसा मात्र उचलू नका. तिथे अ & १ == ० म्हणजे अ & (१ == ०); यात & हे बिटांचं ‘आणि’, == ही बरोबरीची तपासणी. सीच्या आधीच्या बी भाषेत अटी जोडणारं && नव्हतं, बिटांचं आणि अटींचं अशी ‘आणि’ची दोन्ही कामं & च करायचं. पुढे && आलं, पण तोवर लिहिलेला कोड बिघडू नये म्हणून & जागचा हलवला नाही. तुमच्या भाषेत अजून एक ओळही कोणी लिहिलेली नाही. हलवायचं ते आत्ताच हलवा.

मग हत्यार, म्हणजे पार्सर जनरेटर, कोणतं ते बघा. अँटलर ४ मध्ये आधी लिहिलेल्या पर्यायाचा मान मोठा, त्यामुळे कागद जसाच्या तसा उतरतो. बायसनमध्ये उलट, खालच्या ओळीचा मान मोठा. एकातून दुसऱ्यात ग्रामर नेताना मी हे विसरलो आणि संध्याकाळभर २ + ३ * ४ चे २० बघत बसलो. तक्रार एकही नाही! दिशा सांगणाऱ्या लेफ्ट-राइटच्या ओळी दिल्या की बायसन त्या पायऱ्यांचे कॉन्फ्लिक्ट (आधी कोणता ऑपरेटर, हे पेच) मुकाट्याने मिटवतो, ओळी चुकीच्या असल्या तरी.

चाचण्याही आधीच लिहून ठेवा. २ + ३ + ४ कामाची नाही, कुठूनही सोडवा, ९ च. १० - ४ - ३ घ्या: ९ आले तर पार्सरने बांधलेलं रचनेचं झाड उजवीकडे कललंय. आणि नुसतं उत्तर तपासू नका, पार्सरकडून ((१० - ४) - ३) असं सगळ्या कंसांसकट छापून घ्या.