शेअरचा भाव वाढला? आधी व्हॉल्यूम बघा

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव कानावर आला की शेतकरी लगेच विचारतो, आवक किती? दहा पोत्यांवर निघालेला भाव कोणी धरत नाही. शेअरच्या बाबतीत मात्र तोच माणूस हिरवा आकडा बघून पैसे लावतो.

व्हॉल्यूम म्हणजे दिवसभरात हातबदल झालेले शेअर. ‘आज खरेदी जास्त होती म्हणून भाव वाढला’ हे आधी डोक्यातून काढा. जितके शेअर घेतले गेले, तितकेच विकले गेलेले असतात. घाई कोणाला होती, त्यावर भाव हलतो.

ती घाई कशी दिसते? ब्रोकरच्या ॲपमध्ये मार्केट डेप्थ उघडा. घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे पाच-पाच भाव दिसतील. समजा, विकायला १०० रुपयांना ५०० शेअर आहेत, १०१ ला ३०० आणि १०२ ला १,२००. तुम्ही १,००० शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्याची ऑर्डर, टाकली, तर पहिले दोन भाव संपतात आणि उरलेले २०० शेअर १०२ ला पडतात. सरासरी १०० रुपये ७० पैसे, पण स्क्रीनवर भाव १०२! मोठ्या कंपनीत एकेका भावाला हजारो शेअर लागलेले असतात. तिथे एवढ्याने काही होत नाही.

मग आजचा व्हॉल्यूम मागच्या २० दिवसांच्या सरासरीशी ताडा, तोही साडेतीनला बाजार बंद झाल्यावर. भाव चढला आणि व्हॉल्यूम दुप्पट-तिप्पट झाला, तर चढाला जोर आहे. व्हॉल्यूम आटलेला असेल तर थांबा. अर्थात हा ठोकताळा आहे, हमी नाही.

एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर डिलिव्हरीची टक्केवारीही बघा, म्हणजे त्याच दिवशी न विकता खरोखर खात्यात गेलेल्या शेअरचं प्रमाण. ती कमी असेल, तर बरेचसे सौदे त्याच दिवशी घेऊन विकलेले. बल्क डीलची यादीही तिथेच मिळते: कंपनीच्या ०.५ टक्क्यांहून जास्त शेअर एका दिवसात घेणाऱ्या-विकणाऱ्याचं नाव त्यात येतं. कधी कधी सगळा गाजावाजा एकट्याचाच निघतो.

टेलिग्रामवरच्या टिपांतल्या छोट्या शेअरना माझ्या मते हातच लावू नये. लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव त्या दिवशी घसरू शकतो त्या मर्यादेला टेकला, की घेणारा उरत नाही आणि विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. तरीही घ्यायचाच असेल, तर रोजच्या व्हॉल्यूमच्या मानाने अगदी थोडा घ्या, आणि मार्केट नव्हे, लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा.