पोराचा सीआरपी वाढलाय म्हणून घाबरलात? या चुका टाळा

परळला लॅबच्या काउंटरवर बसते त्यामुळे हा प्रश्न हल्ली सारखा येतो. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर ढकललेलं असतं की शरीरात आतली सूज (इन्फ्लमेशन) असली की पुढे स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार होतो, आणि मग आईबाबा 19 वर्षांच्या पोराचा रिपोर्ट घेऊन हजर, त्यात सीआरपीचा, म्हणजे सूज दाखवणाऱ्या रक्त तपासणीचा आकडा ठळक छापलेला.

बातमी अगदीच हवेतली नाहीये. स्वीडनमध्ये 1969 ते 1983 मध्ये सक्तीच्या लष्करी तपासणीला आलेल्या लाखो तरुण मुलांचा ईएसआर (सूज दाखवणारी आणखी एक रक्त तपासणी) मोजलेला होता, पुढच्या नोंदी पाहिल्या तर ज्यांचा जास्त होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियासारखे आजार थोडे जास्त निघाले. पण हे लाखोंच्या गर्दीत दिसतं, तुमच्या एकट्या पोराबद्दल त्यातून काही कळत नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे तापातून उठल्या उठल्या टेस्ट करणं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी मुंबई व्हायरल, डेंगी, मलेरियात असते, तेव्हा सीआरपी 40 (मिलिग्रॅम प्रति लिटर) आला तर त्यात नवल काय? संशोधनाचा विषय असतो हलकी पण टिकून राहणारी सूज, म्हणून असे अभ्यास करणारे बरेचदा 10 च्या वरचे आकडे बाजूलाच काढतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या मुलांचा सीआरपी 9, 15 आणि 17 व्या वर्षी पाहिला, तिथेही लहानपणापासून जास्त राहिलेला गट वेगळा उठून दिसला, एका दिवसाचा रिपोर्ट नाही. बरं, इन्फेक्शन गेलं की सीआरपी काही दिवसांत उतरतो, ईएसआर मात्र आठवडे रेंगाळतो आणि अॅनिमिया किंवा टीबी असला तरी वर जातो. म्हणजे आधी फिजिशियनला दाखवा.

युनिट पण बघा हो! एका लॅबचा 0.6 आणि दुसऱ्या लॅबचा 6 हे एकच असू शकतं, कारण एक डेसिलिटरमागे किती मिलिग्रॅम ते देते, दुसरी लिटरमागे. यावरून काउंटरवर भांडणं झालेली पाहिलीत.

दुसरी चूक, स्वतःच औषध सुरू करणं. हळदीच्या कॅप्सूल, पेनकिलर, आणि कहर म्हणजे केमिस्टकडून स्टिरॉइड. सूज कमी करतं ना मग घेऊया, असा हिशोब, पण स्टिरॉइडनेच डोकं फिरल्यासारखं होऊ शकतं, 1972 च्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोलोनसारख्या गोळीचा डोस दिवसाला 80 मिलिग्रॅमच्या वर गेला की 18 टक्के पेशंटना मानसिक त्रास झाला होता. (डॉक्टरांनी दिलेलं असेल तर मात्र मनाने बंद करू नका, ती वेगळीच आफत.) मिनोसायक्लिन नावाचं सूज कमी करणारं अँटिबायोटिकही स्किझोफ्रेनियाच्या नव्या पेशंटना वर्षभर देऊन पाहिलं ब्रिटनमध्ये, 2018 मध्ये निकाल आला, फायदा शून्य.

आणि माझ्या मते खरी चूक ही, की रिपोर्टकडे बघता आणि पोराकडे नाही. सीआरपी नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नसतं, स्किझोफ्रेनिया कुठल्याच रक्त तपासणीत पकडला जात नाही. पोरगा रात्ररात्र जागा आहे, बिल्डिंगमधले आपल्याबद्दल बोलतात म्हणतोय, एकटाच हसतोय, कॉलेज सोडलंय, तर "नजर लागली" म्हणत सहा महिने घालवू नका, उपचार जितके उशिरा तितकं बरं होणं अवघड. केईएम, नायर, सायन तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. गांजा ओढत असेल तर तो आधी सोडवा, त्या सीआरपीपेक्षा याची काळजी जास्त करा.

एक अपवाद. चांगलीभली मुलगी आठवड्याभरात भ्रमिष्टासारखी बोलायला लागली, सोबत ताप, फिट, तोंडाच्या विचित्र हालचाली, अंग ताठ, तर मेंदूलाच सूज असू शकते. यातला एक प्रकार 2007 मध्ये ओळखला गेला, त्यात शरीराच्या अँटिबॉडी मेंदूवर उलटतात, वेळेत उपचार मिळाले तर बरेच जण सुधारतात. तेव्हा ओपीडीचा केसपेपर काढत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.