रीफ टँकमधला मासा आजारी पडला तर या चुका टाळा

सगळ्यात आधी हे, मेन टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये, औषध ओतू नका. कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, मासा जेमतेम सहन करतो, पण कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांच्यासाठी ते विषच आहे, डोस कितीही कमी ठेवा.

ठाण्यातल्या एका मित्राचा छान बसलेला रीफ होता. ब्लू टँग नावाच्या माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले, दुकानदार म्हणाला दादा हे कॉपर टाका, उद्या फरक पडेल. याने रात्री टाकलं आणि सकाळी मला फोन. जाऊन बघतो तर टर्बो स्नेल काचेवरून सुटून वाळूत उताणे पडलेले, क्लीनर श्रिंप मेलेली, टॉर्च कोरल पूर्ण आत ओढलेला आणि पाण्याला वास सुटलेला. मेलेल्या जिवांमुळे अमोनिया वाढला आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो टँगसुद्धा संध्याकाळपर्यंत गेला. पाणी बदललं, कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) लावला, पण लाइव्ह रॉक (टँकमधले बॅक्टेरियांनी भरलेले खडक) आणि वाळू कॉपर शोषून घेतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे पुढे आणलेल्या गोगलगायीही टिकल्या नाहीत. शेवटी वर्षानुवर्षं जपलेले रॉक काढून टाकावे लागले. फार वाईट वाटलं, कारण एका 50 लिटरच्या टबमध्ये हे सगळं वाचलं असतं.

तो टब म्हणजे हॉस्पिटल टँक, आजारी माशाला वेगळं ठेवून औषध द्यायची टाकी. हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे एल्बो, बस. वाळू नाही, रॉक नाही, कार्बन नाही. माझा एक जादा स्पंज कायम संपमध्ये (मेन टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) पडलेला असतो, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तयार मिळतात, आणि एकदा कॉपरमध्ये गेलेला स्पंज मी परत संपमध्ये टाकत नाही. चिलेटेड (दुसऱ्या रेणूला बांधलेलं) कॉपर असेल तर 2 ते 2.5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), दोन दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं आणि रोज टेस्ट करायची. आयोनिक (न बांधलेलं, सुटं) कॉपरचा डोस याच्यापेक्षा खूप कमी असतो, म्हणून बाटलीवरचं वाचा, मित्राने सांगितलेले थेंब मोजू नका. टेस्ट किट नसेल तर कॉपरला हातच लावू नका. अमोनिया मारणारं केमिकल कॉपरसोबत अजिबात नको, काही कॉपर त्याने जास्त विषारी होतं. मी पाणी बदलतो आणि नवीन पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून घेतो.

दुसरी चूक म्हणजे घाई. तीन-चार दिवसांत ठिपके गेले की लोक मासा परत रीफमध्ये सोडतात आणि औषध भारी होतं म्हणून सांगत फिरतात. अहो, हा ठिपक्यांचा आजार म्हणजे मरीन इक, त्याचा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा किडा माशावर पोट भरून आपणहूनच गळून पडतो, वाळूत-रॉकवर कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो नवीन पिल्लं बाहेर पडतात. कवचात असताना त्याला औषध लागू पडत नाही. म्हणून कॉपर पूर्ण 30 दिवस, आणि मेन टँक माशांशिवाय 76 दिवस. एकही मासा ठेवायचा नाही, ठणठणीत दिसणारा क्लाउन मासासुद्धा नाही. कोरलला यात काही होत नाही, फक्त तुम्हाला धीर धरावा लागतो, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने टँग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ठिपके दिसले की सगळ्यांना इकच वाटतो. अंगावर बारीक सोनेरी धूळ, श्वास जोरात, लाइट टाळतो आणि वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड करून उभा राहतो, तर तो व्हेल्वेट नावाचा वेगळा आजार आहे, तिथे रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी मासा बाहेर काढा. क्लाउनच्या अंगावर पांढरी चिकट साल सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला नावाचा आजार, त्याला कॉपर चालत नाही, फॉर्मलिन लागतं, आणि फॉर्मलिनमध्ये ऑक्सिजन कमी होतो म्हणून एअरस्टोन जोरात हवा.

गोल्डफिशचा अनुभव इथे लावू नका. टेंपरेचर वाढवून मरीन इक जात नाही, कोरल मात्र जातं.

लसूण खायला घाला, भूक लागेल कदाचित, पण इलाज नाही तो.

‘रीफ सेफ’ लिहिलेल्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. जे कोळंबीला काही करत नाही ते बहुतेक वेळा किड्यालाही काही करत नाही.

गोड्या पाण्याचा डिप देताना (मासा थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवताना) नळाचं क्लोरीनवालं पाणी नको, टेंपरेचर आणि पीएच जुळवा, पाचेक मिनिटं शेजारून हलू नका.

आणि जाळी, बादली, टॉवेल दोन्ही टँकना वेगळे ठेवा. माझ्या हॉस्पिटल टँकच्या सामानाला लाल टेप लावलेली आहे आणि आधी मेन टँकचं काम, मग आजारी माशाचं, हा क्रम मी मोडत नाही, कारण ओल्या हाताच्या एका थेंबातूनही किडा पलीकडे जातो.